एका वॅटचा पंप

निकामी होत चाललेल्या हृदयाला जोडायच्या पंपावर मी नागपुरातल्या एका अभियांत्रिकी संस्थेत पीएच.डी.चे काम केले. विषय हाती आला तेव्हा आकडेमोड पाहून तो सोपाच वाटला होता. विश्रांतीत असलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकते, आणि पंप तयार करणारे लोक एवढे रक्त १०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाविरुद्ध फेकता आले पाहिजे असे धरून चालतात. हा दाब म्हणजे पाण्याचा जेमतेम १.३६ मीटर हेड, म्हणजे पाणी तेवढे उंच चढवण्याइतका. हेड आणि डिस्चार्ज, म्हणजे मिनिटाला फेकलेला द्रव, यांवरून द्रवाला द्यावी लागणारी शक्ती काढली तर ती एका वॅटच्या किंचित वर येते. आमच्या काटोलकडच्या शेतातल्या विहिरीवर तीन अश्वशक्तीची, म्हणजे सव्वादोन हजार वॅटची मोटर आहे. गाळ, शेवाळ, पालापाचोळा जे काही येईल ते ओढून ती पाटात टाकते. त्या हिशेबाने हृदयाचा पंप हे एखाद्या सत्रात आटोपणारे काम होते.

मार्गदर्शक सरांनी पहिल्याच बैठकीत माझा हा हिशेब शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "हेड-डिस्चार्जचा आलेख तू काढशीलच. तो काढून झाला की पंप बाजूला ठेव आणि रक्ताबद्दल वाच." पुढची काही वर्षे मी जे केले ते या दोन वाक्यांत मावते, इतके ते सांगणे नेमके होते.

हृदय निकामी होते म्हणजे ते थांबते असे नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवण्याची त्याची ताकद उरत नाही. डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा कप्पा, फुगते, तिच्या भिंती आकुंचन पावतात पण पुरेशा पावत नाहीत, फुप्फुसांत पाणी साचते, पाय सुजतात आणि चार पावले चालले तरी धाप लागते. आज या रुग्णांना चार गटांतली औषधे एकत्र दिली जातात आणि त्यांतल्या अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो. ज्यांना होत नाही त्यांच्यासाठी हृदय प्रत्यारोपण हा मार्ग असतो, पण हृदये मिळतात किती? नागपुरात एखाद्या मेंदुमृत रुग्णाचे नातेवाईक अवयवदानाला होकार देतात, पोलीस दवाखान्यापासून विमानतळापर्यंत ग्रीन कॉरिडॉर करतात आणि दुसऱ्या दिवशी त्याची बातमी पहिल्या पानावर येते. बातमी पहिल्या पानावर येते याचाच अर्थ असे रोज घडत नाही. प्रत्यारोपणापर्यंत तग धरण्यासाठी, किंवा प्रत्यारोपण शक्यच नसेल तर कायमचा म्हणून, डाव्या जवनिकेच्या टोकाशी एक पंप शिवतात. तो जवनिकेतले रक्त ओढून एका कृत्रिम नळीवाटे महारोहिणीत सोडतो. त्याला वीज पुरवणारी वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येते आणि कमरेच्या कंट्रोलरला व बॅटऱ्यांना जोडलेली असते.

या पंपांचा इतिहास मी वाचत गेले तसतसे एक गोष्ट मला खटकत राहिली. १९६६ मध्ये ह्यूस्टनला मायकेल डीबेकी यांनी एका रुग्णेला डाव्या जवनिकेचा पंप जोडला, काही दिवस चालवला आणि काढून घेतला. ती बरी होऊन घरी गेली. त्यानंतरची कित्येक वर्षे हृदयासारखाच ठोके देणारा पंप करण्यात गेली. त्यात पडदा होता, झडपा होत्या, हलणारे अनेक भाग होते, आणि हलणारे भाग झिजतात हे अभियंत्यांना कोणी शिकवावे लागत नाही. असा पंप जोडलेल्या आणि केवळ औषधांवर ठेवलेल्या रुग्णांची तुलना करणारा रीमॅच नावाचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १२९ अत्यवस्थ रुग्णांच्या त्या अभ्यासात एक वर्षानंतर पंपवाल्यांपैकी ५२ टक्के आणि औषधांवरच्यांपैकी २५ टक्के जिवंत होते. दोन वर्षांनी हेच आकडे २३ आणि ८ होते. पंपाने आयुष्य वाढते हे त्यातून निर्विवाद ठरले, पण दोन वर्षांनी तेवीस हा आकडा वाचून कोणा अभियंत्याला समाधान वाटणार नाही. पुढे ठोक्यांचा हट्ट सोडून सतत फिरणारा इम्पेलर, म्हणजे पात्यांचे चक्र, वापरणारे पंप आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा फिरत्या पंपावरचे ५८ टक्के रुग्ण दोन वर्षांनी जिवंत होते, तर जुन्या ठोकेवाल्या पंपावरचे २४ टक्के. निसर्गाची नक्कल करण्याचा मोह इतकी वर्षे टिकावा याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आमच्याकडे अर्थातच रुग्ण नव्हते. आमच्याकडे मॉक लूप होता, म्हणजे टेबलावर मांडलेले नळ्यांचे रक्ताभिसरण. एका ॲक्रिलिकच्या पेटीत जवनिकेच्या जागी सिलिकॉनची पिशवी, तिला बाहेरून दाबणारा पिस्टन, पुढे महारोहिणीच्या लवचिकपणासाठी वर हवा कोंडलेले एक बंद नळकांडे, आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या अडथळ्यासाठी नळीवर आवळायचा स्क्रू-क्लॅम्प. हवेचे प्रमाण वाढवले की धमन्या तरुण होतात, कमी केले की म्हाताऱ्या. क्लॅम्प आवळला की रक्तदाब चढतो. पिस्टनचा धक्का कमी केला की हृदय निकामी होते. नळ्या आणि जोडण्या इतवारीतून आल्या, दाब मोजायचे ट्रान्सड्यूसर दवाखान्यांत वापरतात तेच घेतले. प्रवाह मोजायचा अल्ट्रासाउंड मीटर मात्र बाहेरून मागवावा लागला आणि प्रकल्पाच्या पैशांतला मोठा वाटा त्यानेच खाल्ला.

लूपमध्ये रक्ताऐवजी ग्लिसरीन आणि पाण्याचे मिश्रण भरतात. वजनाने ४० टक्के ग्लिसरीन घेतले की त्या मिश्रणाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, रक्ताच्या जवळपास येतो असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. ते २० अंश सेल्सिअसला खरे आहे. त्या तापमानाला या मिश्रणाची श्यानता ३.७ सेंटिपॉइझच्या आसपास असते, ३० अंशांना ती २.७ वर येते आणि ४० अंशांना २.१ वर. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि प्रयोगशाळेतला कूलर सकाळी एक हवा देतो, दुपारी दुसरी, तिथे हे आकडे नुसते तक्त्यात राहत नाहीत. सकाळी काढलेला आणि दुपारी काढलेला आलेख एकमेकांवर बसत नाहीत, कारण दुपारी पंप वेगळाच द्रव ढकलत असतो. म्हणून आम्ही सुरुवातीपासूनच मिश्रणाची टाकी थर्मोस्टॅट असलेल्या पाण्यात बसवली, आमच्या तापमानाला जुळेल असे ग्लिसरीनचे प्रमाण ठरवले आणि प्रत्येक नोंदीपुढे तापमानाचा रकाना ठेवला. थंड प्रदेशांतल्या प्रयोगशाळांच्या शोधनिबंधांत ही बाब अर्ध्या ओळीत उरकलेली असते. आमच्याकडे तिने एक आख्खे प्रकरण घेतले.

पहिले आलेख हाती आल्यावर सर मला धंतोलीतल्या एका हृदयरोगतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात बसायला घेऊन गेले. कोणासाठी हे चालले आहे ते एकदा बघून घे, एवढेच ते म्हणाले. उमरेडकडून आलेले पन्नाशीचे एक शेतकरी समोर बसले होते, बायको मागे रिपोर्टांची पिशवी धरून उभी होती. डॉक्टरांनी विचारले, "काका, रात्री किती उशा लागतात?" ते म्हणाले, "तीन. अन् तरी मध्येच उठून बसावं लागते डॉक्टरसाहेब." इकोच्या पडद्यावर त्यांची डावी जवनिका दिसत होती. मला आमच्या पेटीतली सिलिकॉनची पिशवी आठवली नाही, कारण आमची पिशवी धक्का कमी केला तरी निदान एका लयीत हलत असे. पडद्यावरची भिंत एका बाजूने आत येत होती आणि दुसरी बाजू जागची हलत नव्हती. दर ठोक्याला जवनिकेतल्या रक्तापैकी जेमतेम पाचवा हिस्सा बाहेर पडत होता.

ते गेल्यावर मी डॉक्टरांना विचारले, की यांना पंप बसवता येईल का. त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारले. यांच्या गावात वीज किती तास असते? पोटातून बाहेर आलेल्या वायरच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ड्रेसिंग नियमित आणि निर्जंतुक रीतीने करावे लागते, ते कोण करील? रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची मात्रा ठरवायला वारंवार आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा निर्देशांक, तपासावा लागतो, त्यासाठी जवळची लॅब कोणती? पंप बसवल्यावर नाडी बऱ्याचदा हाताला लागत नाही आणि नेहमीच्या यंत्राने रक्तदाब नीट मोजता येत नाही, त्यासाठी ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारा डॉप्लर लागतो. तालुक्याच्या दवाखान्यात हे कोणाला ठाऊक असेल? सगळ्यात शेवटी, केवळ यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते, ती कुठून आणायची? परत येताना गाडीत सर काहीच बोलले नाहीत. कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी शहरातून दिसतात आणि तिथून तासाभरावरच्या गावात शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. त्या भेटीमुळे माझ्या प्रबंधाचा विषय बदलला नाही, पण पंपाची कार्यक्षमता हा जो आकडा मी तोवर केवळ आलेख सजवण्यासाठी काढत होते, तो बॅटरी किती तास पुरेल याचा आकडा आहे हे मनात पक्के झाले.

माझ्या कामाचा गाभा होता इम्पेलर आणि त्याभोवतालची भिंत यांच्यातली फट. साध्या सेंट्रिफ्युगल पंपात ही फट जितकी कमी तितके बरे, कारण दाबाखाली गेलेला द्रव फटीतून मागे गळतो आणि तेवढी मेहनत वाया जाते. रक्ताच्या पंपात मात्र अरुंद फटीत शिरलेल्या तांबड्या पेशीच्या एका बाजूला वेगाने फिरणारे पाते आणि दुसऱ्या बाजूला स्थिर भिंत असते. दोन्हींच्या ओढाताणीत पेशीचे आवरण ताणले जाते आणि एका मर्यादेपलीकडे फाटते. आतले हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडते आणि मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. ही ओढाताण शिअर स्ट्रेसच्या रूपात पास्कलमध्ये मोजतात. तांबडी पेशी फुटण्यासाठी अभ्यासक साधारण १५० पास्कल ही मर्यादा धरतात, पण किती वेळ ताण बसला यालाही तितकेच महत्त्व असते. सध्या सर्वाधिक वापरात असलेल्या हार्टमेट ३ या पंपात इम्पेलर चुंबकांच्या साहाय्याने अधांतरी फिरतो, कुठेही बेअरिंग नाही, आणि बाजूची फट अर्धा मिलिमीटर तर वरखालची एक मिलिमीटर ठेवलेली आहे. पंप बनवणाऱ्याच्या दृष्टीने ही उधळपट्टी आहे, आणि ती जाणूनबुजून केलेली आहे.

आम्हाला चुंबकीय तरंगता परवडणारी नव्हती. आमचा इम्पेलर एका टोकदार बेअरिंगवर फिरत असे आणि बाहेरच्या मोटरशी चुंबकी जोडाने बांधलेला असे, म्हणजे मोटरचा दांडा रक्तात येत नसे. पाण्याच्या चाचण्यांसाठी थ्री-डी प्रिंटरवर छापलेले रिझिनचे भाग चालले. रक्तासाठी पॉलिकार्बोनेटचे भाग हिंगण्याच्या एमआयडीसीत यंत्रावर कापून घेतले. तिथल्या वर्कशॉपच्या काकांना मी पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा ते सांगितले तेव्हा त्यांनी ड्रॉइंग लांब धरून बघितले आणि म्हणाले, "मॅडम, फेकायचं तर पाणीच हाय ना? मंग येवढं चकचकीत कायले करून रायल्या?" रक्त म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा त्यांनी पॉलिशसाठी वेगळे कापड ठेवले होते, आणि पात्याच्या मुळाशी हत्याराची एक बारीक रेघ राहिली होती ती मी बोट ठेवायच्या आधी त्यांनीच दाखवली. अशा रेघेत रक्त थबकते आणि थबकलेले रक्त गोठते, हे मी त्यांना सांगितलेले नव्हते.

खऱ्या रक्ताची चाचणी हा या सगळ्या कामातला सर्वात कष्टाचा आणि मला सर्वात आवडलेला भाग. त्याची आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धत आहे: ठराविक रक्त, ३७ अंश तापमान, मिनिटाला पाच लिटर प्रवाह, १०० मिलिमीटर दाब आणि सलग सहा तास. पद्धतीत गाईबैलांचे किंवा डुकराचे रक्त सुचवलेले असते. शेळीचे रक्त मिळवणे आम्हाला सर्वांत सोपे होते, पण शेळीच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशीच्या निम्म्याच, तीन-चार मायक्रॉनच्या असतात. फटीच्या परिणामाचा अभ्यास इतक्या लहान पेशींवर करून माणसाबद्दल काय बोलणार? कत्तलखान्यातले रक्त गोळा होतानाच अर्धे दुखावलेले असते. अखेर प्राणी-नैतिकता समितीची परवानगी घेऊन पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली म्हशीच्या मानेच्या शिरेतून जाड सुईने, कोणतेही ओढणे न करता, केवळ उताराने पिशवीत रक्त घ्यायचे ठरले. जनावर शांत उभे असेल तेव्हाच रक्त घ्यायचे असे तिथल्या डॉक्टरांनी बजावले होते आणि ते शांत होईपर्यंत आम्हाला थांबवलेही होते.

लूप भरायला एका हृदयशस्त्रक्रिया विभागात बायपासचे यंत्र चालवणारे परफ्युजनिस्ट आले. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणू लागले. रक्तात हवेचा बुडबुडा राहिला तर बुडबुड्याच्या पृष्ठभागावरच पेशी आणि प्रथिने बिघडतात आणि पंपाचा दोष कुठला, हवेचा कुठला हे सांगता येत नाही. भाऊ कात्रीच्या मुठीने प्रत्येक सांध्यावर टकटक करत, नळी कानाजवळ नेत आणि बारीक बुडबुडे वर चढून टाकीत जाईपर्यंत पुढे सरकत नसत. मी प्रवाह वाढवून ते काम लवकर उरकावे असे सुचवले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. दोन लूप शेजारी शेजारी चालत: एकात आमचा पंप, दुसऱ्यात तुलनेसाठी बायपासमध्ये वापरतात तसला बाजारात मिळणारा सेंट्रिफ्युगल पंप. त्याच पिशवीतले थोडे रक्त कोठेही न फिरवता तसेच उबेत ठेवलेले असे, म्हणजे नुसते वेळेमुळे किती बिघडते ते कळावे. मोटर, थर्मोस्टॅट आणि मीटर तिन्ही यूपीएसवर होते, कारण मध्येच वीज गेली तर सहा तासांचे रक्त आणि त्याबरोबर एका जनावराला दिलेला त्रास दोन्ही वाया गेले असते.

ठरावीक वेळेने नमुना काढायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, वरचा रक्तद्रव पेशींना धक्का न लावता पिपेटने उचलायचा, तो पुन्हा फिरवायचा आणि मग त्यात सांडलेले हिमोग्लोबिन मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवायचा. आकडा येण्याआधी डोळ्यांना दिसते. सुरुवातीच्या नळीतला रक्तद्रव फिकट पिवळसर असतो. चौथ्या तासाच्या आसपास आमच्या अरुंद फटीच्या पंपाच्या नळीत त्याला गुलाबी झाक येऊ लागली, बाजारातल्या पंपाच्या नळीत ती कितीतरी उशिरा आणि पुसट आली. भाऊंनी दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या आणि माझी आकडेवारी होण्यापूर्वीच कोणती नळी कोणाची ते सांगितले. शंभर लिटर रक्त ढकलताना किती ग्रॅम हिमोग्लोबिन सांडले, असा शेवटचा निर्देशांक काढतात. त्यात पेशींचे प्रमाण, एकूण रक्त, प्रवाह आणि वेळ हे सारे धरलेले असते, त्यामुळे वेगवेगळ्या पंपांची तुलना होऊ शकते.

मग फट रुंद केली. तांबड्या पेशींचे नुकसान कमी झाले, पण जितके कमी होईल असा संगणकावरचा अंदाज होता तितके झाले नाही, आणि यातच मला प्रबंधासाठी खरे काही सापडले. फट रुंद केली की गळती वाढते. गळती वाढली की तोच दाब मिळवायला इम्पेलर अधिक वेगाने फिरवावा लागतो. शिवाय गळून मागे गेलेले रक्त त्याच फेऱ्यात पुन्हा पात्यांखाली येते, म्हणजे ताण सौम्य झाला तरी तीच पेशी तो अनेकदा सोसते. एका टप्प्यापर्यंत फट वाढवणे फायद्याचे ठरले आणि त्यापुढे तोटा सुरू झाला. तो टप्पा आमच्या इम्पेलरपुरता आहे, दुसऱ्या आकाराच्या इम्पेलरला तो तसाच लागू होईल असे मी प्रबंधात लिहिलेले नाही. रुंद फटीला बॅटरीही जास्त लागते, आणि इथे मला उमरेडच्या काकांची वीज आठवत असे.

तांबड्या पेशी वाचवल्या म्हणजे रक्त वाचवले असे मात्र होत नाही, हे मला बरेच उशिरा वाचनातून नीट उमगले. रक्तात व्हॉन विलेब्रांड फॅक्टर नावाचे लांबलचक, एरवी गुंडाळी करून असणारे प्रथिन असते. जखम झाली की प्लेटलेटना चिकटवायचे काम ते करते. पंपातल्या ताणाने त्याची गुंडाळी उलगडते आणि उलगडलेल्या भागावर रक्तातलेच एक विकर त्याचे तुकडे करते. हे ९ पास्कलच्या आसपासच सुरू होते असे मानतात. तांबड्या पेशीच्या मर्यादेचा हा सोळावा हिस्साही नाही. रक्त पातळ करणारे औषध चालू असतेच, त्यात हे प्रथिन तोकडे पडते, आणि पंपावरच्या रुग्णांना आतड्यांतून रक्तस्राव होतो. आमच्या सहा तासांच्या चाचणीत गुलाबी झाक न आलेली नळीसुद्धा या दृष्टीने निर्दोष म्हणता येत नाही, कारण या प्रथिनाचे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची तपासणी आमच्या आवाक्याबाहेर होती. प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमके इथेच बोट ठेवले. मी संगणकावर काढलेला, ९ पास्कलच्या वर असलेल्या जागेचा नकाशा दाखवला. त्यात जवळजवळ सगळा पंपच रंगलेला होता.

हार्टमेट ३ ची जुन्या फिरत्या पंपाशी तुलना करणारा मोमेंटम ३ हा १,०२८ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पंपात रक्ताची गाठ झाल्याची शंका नव्या पंपात १.४ टक्के रुग्णांत आली, जुन्यात १३.९ टक्क्यांत. पाच वर्षांनी नव्या पंपावरचे ५८.४ टक्के रुग्ण जिवंत होते, जुन्यावरचे ४३.७ टक्के. २००१ च्या तेवीस टक्क्यांशेजारी हे आकडे ठेवून पाहावेत. रक्तस्रावाचा प्रश्न नव्या पंपानेही पूर्णपणे सोडवलेला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रुग्णांची ॲस्पिरिन बंद केल्यावर रक्तस्राव ३४ टक्क्यांनी कमी झाले आणि गाठींचे प्रमाण वाढले नाही, म्हणजे सुधारणा यंत्राऐवजी औषधाच्या चिठ्ठीत झाली. हाच पंप दर दोन सेकंदांनी आपला वेग क्षणभर मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी कमी करतो आणि लगेच तेवढाच मूळ वेगाच्या वर नेतो, कोपऱ्यांत रक्त साचू नये म्हणून. आम्ही ग्लिसरीनच्या लूपवर मोटरचा कंट्रोलर लिहून ही क्रिया करून पाहिली. रंगाचा थेंब सोडला की सतत वेगात जो कोपरा रंगलेलाच राहत असे तो वेग बदलताच धुऊन निघाला. लहान मुलासारखे आम्ही ते पुन्हा पुन्हा केले, हे इथे लिहायला हरकत नसावी.

भारतात या क्षेत्रात काम होत आले आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली कृत्रिम झडप १९९० पासून रुग्णांत बसवली जात आहे, आणि आयआयटी कानपूरने हृद्यंत्र नावाने देशी पंपाचा प्रकल्प हाती घेतला आहे. झडपेच्या बाबतीत देशी बनावटीमुळे किंमत आवाक्यात आली, तसे पंपाच्या बाबतीत होईल का याबद्दल मी आशावादी आहे, पण धंतोलीतल्या त्या प्रश्नांपैकी किंमत हा एकच त्याने सुटतो. ड्रेसिंग, डॉप्लर आणि आयएनआर तालुक्याला कधी पोहोचतील याचे उत्तर आमच्या प्रयोगशाळेत नाही.

आता आमच्या लूपवर एक नवी संशोधक विद्यार्थिनी हृदयाची उजवी, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त पाठवणारी, बाजू जोडते आहे. डावीकडे पंप लागताच आजवर थोपून असलेले रक्त उजवीकडे मोकळेपणाने परतू लागते आणि कित्येक रुग्णांत कमजोर उजवी जवनिका तेव्हा उघडी पडते, म्हणून दोन्ही बाजूंचा विचार करणे भाग आहे. ब्रिस्बेनच्या डॅनियल टिम्स यांच्या बायव्हॅकोर या संपूर्ण कृत्रिम हृदयात एकाच चक्रावर दोन्ही बाजूंची पाती आहेत. २०२४ च्या जुलैमध्ये ह्यूस्टनला ते पहिल्यांदा माणसात बसवले गेले. चुंबकांवर तरंगणारे ते चक्र किंचित डावीउजवीकडे सरकते, त्यामुळे एका बाजूची फट वाढते, दुसरीची कमी होते आणि दोन्ही बाजूंच्या प्रवाहाचा तोल राखला जातो. मी ज्या गळतीशी वर्षानुवर्षे झगडले तिचाच तिथे नियंत्रणासाठी उपयोग केलेला आहे. आमच्या टोकदार बेअरिंगवर चक्र असे सरकवता येत नाही. आमच्या विद्यार्थिनीने बेअरिंगचे टोक स्क्रूवर बसवून फट चालू पंपात बदलता येईल अशी जुळणी केली आहे, आणि तिचे भाग सध्या हिंगण्याच्या काकांकडे पॉलिशला आहेत.